डावी टाच

इनासभाऊ लोपीस माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय बघायचे, आणि त्यातही डावा. त्यांच्या पडवीला लागून असलेली खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी गेलो तेव्हा ते अंगणातल्या बाकावर बसले होते. मी नाव सांगितलं, इथल्याच हायस्कुलात गणित शिकवायला आलोय म्हणून सांगितलं, माणूस निरुपद्रवी आहे हेही सुचवून पाहिलं. ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, चपला बाहेर काढायची पद्धत असेल. मी काढल्या. तरी त्यांची नजर तिथंच. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमी सगळं वजन मागच्या पायावर ठेवून उभं राहता. आत्ता कुत्रा आला तर पळायला बरं, असं." आणि मी काही बोलायच्या आत, "खोली घ्या. पण उभं राहायला शिका."

मी मूळचा घाटावरचा आणि स्वभावानं तापट. घरमालकानं पहिल्याच भेटीत माझ्या उभं राहण्यातल्या चुका काढाव्यात हे मला चांगलंच झोंबलं. पण एकट्या पुरुषाला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि त्यांच्या घरामागं इतकी गर्द वाडी होती की भर दुपारी खोलीत गारवा असायचा. मी राहिलो. ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. गाव वसईकडचं, राजोडीच्या अलीकडचं. समुद्र दिसत नसे, पण वारा पडला की ऐकू यायचा.

इनासभाऊ आखातातल्या एका तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. जवान होते तेव्हा गेले आणि केस पिकल्यावर परत आले. मधल्या काळात वर्षा-दोन वर्षांनी सुटीवर यायचे तेवढेच. तिकडून येणारे लोक ट्रान्झिस्टर आणायचे, ब्लँकेट आणायचे, घड्याळं आणायचे. इनासभाऊंनीही आणली. पण कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक लांबुडकी कॅनव्हासची पिशवी होती आणि तिच्यात अर्धा डझनभर लोखंडी तोंडाच्या काठ्या. गावात यावर बरेच दिवस चर्चा झाली. कोणी म्हणालं, वाडीतल्या उंदरांसाठी. कोणी म्हणालं, सापांसाठी. एक जण हॉकी म्हणाला, तो जरा जवळ आला होता. त्यांच्या बायकोला, रोजबायला, कोणी विचारलं की ती सरळ सांगायची, "म्हाताऱ्याला दांडू खेळायचाय."

तिकडं म्हणे गवताचं पातंसुद्धा नव्हतं, सगळं वाळवंट. साहेब लोक त्या वाळूतच गोल्फ खेळायचे. प्रत्येकानं बरोबर चटईचा एक तुकडा बाळगायचा, तो वाळूवर टाकायचा, त्याच्यावर चेंडू ठेवायचा आणि हाणायचा. दर शुक्रवारी त्यांना चौथा गडी कमी पडायचा, म्हणून एका स्कॉटिश इंजिनिअरनं स्टोअरमधल्या इनास लोपीसला धरून नेलं. त्या साहेबानं त्यांना एकच गोष्ट शिकवली आणि इनासभाऊंनी ती जन्मभर पुरवून वापरली. ती गोष्ट म्हणजे पुढचा पाय.

मला त्यांनी ती पडवीत छत्री हातात घेऊन समजावली. चेंडू समोर, डावा खांदा जिकडं मारायचं तिकडं. काठी मागं नेताना वजन उजव्या पायावर जातं, डावा गुडघा आत वळतो, डावी टाच थोडी उचलली गेली तरी हरकत नाही. आता परत यायचं. इथं सगळ्यांना घाई होते ती हातांची. हात आधी सुटले की संपलं, काठी चेंडूच्या मागं वाळूत घुसते आणि चेंडू जागच्या जागी. म्हणून आधी डावी टाच खाली रोवायची. मग गुडघा, मग कंबर, आणि हात सगळ्यांच्या शेवटी. काठी चेंडूला भिडते तेव्हा डावा पाय सरळ होऊन ताठ उभा राहिलेला पाहिजे.

"दार फिरतं ना मास्तर, बिजागरी फिरते का? बिजागरी हलली तर दार पडंल. डावा पाय बिजागरी."

"आणि डावखुऱ्यांचं काय?" मी विचारलं. गणिताच्या माणसाला अपवाद आधी सुचतात.

"त्याचा उजवा. जो पुढं तो. पण गावात डावखुरा एकच हाय, आनि तो संध्याकाळचा भेटतो तेव्हा त्याला दोन्ही पाय सारखेच."

एकदा हे डोक्यात बसल्यावर त्यांना जगात दुसरं काही दिसेना. नवे फादर आले, त्यांच्या पहिल्या प्रवचनावर सगळा गाव खूश. इनासभाऊ मिस्सा सुटल्यावर म्हणाले, "बोलतात चांगलं, पण टेकून उभं राहतात. रमणार नाय इथं." वसईच्या होळी नावाच्या बाजारात भाजी द्यायला गेले की डोक्यावर टोपली घेणाऱ्या बायकांकडे बघत उभे राहायचे. त्यावरून एकदा गैरसमजही झाला होता आणि रोजबायला मध्ये पडावं लागलं होतं. एसटीच्या रांगेत उभे असताना त्यांची डावी टाच हळूच उचलली जायची आणि हळूच टेकायची. पुढचा माणूस मागं वळून बघायचा, कारण टाच टेकताना कंबर वळायची आणि इनासभाऊंचं कोपर त्याला लागायचं. कोणी भेटलं की लोक 'काय, बरं आहे ना?' म्हणतात. हे म्हणायचे, "काय, डावा पाय काय म्हणतो?" सुरुवातीला मी चिडायचो. पुढं पुढं मी शाळेत मुलांना तसंच विचारू लागलो.

खेळायला जागा शोधण्यात त्यांनी एक उन्हाळा घालवला. भातकापणी झालेली शेतं मोकळी असतात म्हणून आधी पार चांदीपपर्यंत जाऊन आले. तिथल्या शेतकऱ्यानं पहिल्या फटक्यालाच काठी मागितली आणि ती हातात घेऊन यांच्याच मागं लागला. मग राजोडीचा किनारा ठरला. ओहोटीला पाणी दूर जातं आणि मागं उरते ती ओली, घट्ट, सपाट वाळू. इनासभाऊंनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे वाळूत तोंडापर्यंत पुरले, शेजारी बांबूला फडकं बांधून रोवलं आणि पायपुसण्याचा काथ्याचा तुकडा कापून चटई केली. भरतीला डबे वाहून जायचे. पुन्हा नवे पुरायचे. तिथी सांगितली की ओहोटीची वेळ ते तोंडपाठ सांगत, आणि त्यांच्या सगळ्या कामांचं वेळापत्रक त्यावर चाले. दाढीसुद्धा.

त्या किनाऱ्यावर त्यांना सगळ्यात आवडायची ती वाळू, कारण तिच्यात खोटं बोलता येत नाही. फटका मारला की चेंडू कुठं गेला ते बघायच्या आधी ते खाली वाकून स्वतःचे पाय उमटलेत कसे ते बघायचे. डाव्या टाचेचा खड्डा खोल असेल तर मान डोलवायचे. चेंडू भलतीकडं गेला तरी चालेल. टाच उमटली नसेल तर चेंडू बरोबर डब्यात जाऊन पडला तरी तोंड वाकडं.

एक मात्र होतं. किनाऱ्यावर वाळूच्या कडेला कोळ्यांच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या रांगा, आणि त्यांची मालकीण हिराबाय. एकदा इनासभाऊंचा चेंडू बोंबलांतून शिरून पलीकडं गेला आणि हिराबाय कमरेवर हात देऊन वाट अडवून उभी राहिली.

"ह्यो अंडा कोनाचा?"

"माझा."

"मंग उबवा घरी नेऊन. माझ्या मासल्यात कनाला टाकता?"

इनासभाऊंनी तिचे पाय बघितले आणि भांडण विसरले. "हिराबाय, तुमी उभ्या काय राहता! डावा पाय बगा कसा रोवलाय!"

हिराबायनं मला विचारलं, याचं डोकं ठिकाणावर हाय ना. मी म्हटलं, मी फक्त भाडेकरू आहे. शेवटी असं ठरलं की बोंबील टांगलेले असतील त्या दिवशी इनासभाऊ उलट्या दिशेला तोंड करून खेळतील. हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला, असं म्हणता येणार नाही.

गावातल्या दोघा-तिघांना त्यांनी खेळायला तयार केलं होतं. त्यांचा चुलतभाऊ बस्त्याव त्यांत मुख्य. बस्त्याव अंगानं दणकट, दिवसभर वाडीत फावडं चालवणारा, पण चेंडू काही त्याच्या काठीला लागेना. दर वेळी काठी मागं वाळूत. इनासभाऊ डोकं धरून बसायचे. मग एका सकाळी ते वाडीत पाणी लावणाऱ्या बस्त्यावकडं बघत उभे होते आणि एकदम टाळी वाजवून ओरडले, "सापडलं!"

जे सापडलं होतं ते असं. इथल्या वाड्यांत वाफ्यांना पाणी पाटानं जातं आणि वाफ्या-वाफ्यांमध्ये मातीचे अरुंद बांध असतात, वीतभर रुंदीचे, कायम ओले. चालायचं ते त्यांच्यावरून. पुढचा पाय दाबून टाकला की बांध ढासळतो आणि पाणी भलत्याच वाफ्यात जातं. म्हणून वाडीतलं पोर चालायला लागतं तेच मुळी पुढचा पाय चाचपत. चवडा टेकवायचा, अंदाज घ्यायचा, वजन मागं राखून ठेवायचं आणि मग हलकेच पुढं सरकायचं. टाच शक्यतो टेकवायचीच नाही. सगळ्या गावाची चाल अशी. इनासभाऊ स्वतः लहानपणी असंच चालायचे. त्या स्कॉटिश साहेबाला ती खोड मोडायला वर्ष लागलं होतं म्हणे.

"बस्त्याव, तुझा पाय बांधाला भितो," ते म्हणाले. "तू आदी बांध मोड."

"वेडा झालास काय?"

"मोड हांगतो ना! टाच घाल!" त्यांच्या घरच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो. माझ्याशी बोलताना ते ती बोली जरा आवरून धरायचे, पण जोशात आले की ती सगळी परत यायची.

पन्नाशीच्या बस्त्यावनं जन्मात पहिल्यांदा बांधावर जाणूनबुजून टाच हाणली. बांध फुटला. पाणी मोगऱ्याच्या वाफ्यात गेलं आणि मोगरा रोजबायचा होता.

रोजबाय आली ती ओलं फडकं हातात घेऊनच. ती ठेंगणी, काटक बाई होती. बोलताना आवाज चढवत नसे, त्यामुळे जास्तच लागायचं. इनासभाऊ तिकडं वाळूत चेंडू हाणत होते तितकी वर्षं ही वाडी तिनं एकटीनं सांभाळली होती. विहिरीवर पंप तिनं बसवून घेतला, मोगरा तिनं लावला, दोन मुली तिनं लग्न करून दिल्या. बांधांवरून ती चालायची तेव्हा डोक्यावर पानांची टोपली असली तरी मातीवर ओरखडा उठत नसे. मी खिडकीतून बघायचो. मला चालणं बघायचा नाद इनासभाऊंनी लावला, पण बघण्यासारखं चालणं होतं ते रोजबायचं.

"तुझा दांडू समुद्रावर," ती नवऱ्याला म्हणाली. त्यांच्या बोलीत नवरा-बायकोत अहो-जाहो नाही. "माझ्या बांधाला पाय लावायचा नाय."

इनासभाऊ फुटलेला बांध बुजवायला वाकले. बस्त्याव तर त्याआधीच निघून गेला होता. पण पुढच्या रविवारी राजोडीला त्याची काठी पहिल्यांदा चेंडूला नीट लागली आणि चेंडू हिराबायच्या बोंबलांवरून पार पलीकडं गेला.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपत आला असताना रोजबाय विहिरीपाशी पडली. मी शाळेतून आलो तेव्हा तिला घरात आणून निजवलं होतं. तोंड थोडं वाकडं झालं होतं, डावा हात आणि डावा पाय लुळा. अर्धांगवायू. वसईच्या डॉक्टरांनी औषधं दिली, नंतर मालिश आणि व्यायाम सांगितले. महिन्याभरात तोंड सरळ झालं, बोलणं बरंचसं परत आलं. पायातही ताकद येतेय असं डॉक्टर दर खेपेला सांगत. तरी रोजबाय उभी राहायची ती दोन खुर्च्यांना धरून, आणि डावा पाय नुसता टेकवून परत घ्यायची. मग बसायची. दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून मागच्या दारातून दिसेल तेवढी वाडी बघायची. मोगऱ्याच्या कळ्या बस्त्यावची सून खुडून आणायची, आणि रोजबाय त्या न बघताच 'छोट्या खुडल्या' म्हणायची. डॉक्टर एकदा जाताना इनासभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले होते, आता चालल्या तर चालल्या, असंच बसून राहिल्या तर मात्र कायमच्या बसतील. हे इनासभाऊंनी मला सांगितलं आणि नंतर अर्धा तास अंगणातला पाला झाडत राहिले. झाडलेलाच पाला पुन्हा झाडत होते.

कॅनव्हासची पिशवी खुंटीला टांगलेली होती. ओहोटीच्या वेळा त्यांनी सांगायच्या सोडल्या. रस्त्यात कोणी भेटलं तर नुसतं 'हां, बरं' म्हणून पुढं जायचे. सुरुवातीला मला त्यांच्या त्या 'डावा पाय काय म्हणतो?'चा इतका कंटाळा होता, पण तो ऐकू येईना तेव्हा घरात करमेनासं झालं.

एकदा मीच रोजबायला विचारलं, "डॉक्टर म्हणतात पायात ताकद आहे. मग टाकत का नाही?"

"मास्तर, पाय माजा नाय वाटत," ती म्हणाली. "कोना दुसऱ्याचा आणून लावलाय. त्याच्यावर कसा भरवसा ठेवू?"

इनासभाऊ दारात उभे होते. ते तिच्या पायाकडं बघत होते, आणि मला तो जुना चेहरा दिसला, बस्त्यावला बघत होते तेव्हाचा. "रोज," ते म्हणाले, "परत एकदा उभी राहा. मना बगू दे." ती कुरकुरत उभी राहिली. डावा चवडा जमिनीला लागला, जरा चाचपला, मागं आला. पुन्हा लागला, चाचपला, मागं आला. टाच एकदाही टेकली नाही.

"मास्तर, बगितलं? ती बांधावर हाय."

मला कळायला क्षणभर लागला. रोजबाय सिमेंटच्या कोब्यावर उभी होती. पण पाय तिचा अजून वाडीतच होता. जन्मभर ज्या पायाला 'वजन टाकू नको' म्हणून शिकवलं, तो आता आजारी पडल्यावर तेवढंच एक लक्षात ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टांगा आणला. रोजबायनं जायला साफ नकार दिला. लोक काय म्हणतील, मला तमाशा नको, म्हातारपणी तुझा दांडू माझ्या गळ्यात नको, असं बरंच. इनासभाऊ टांग्याच्या पायरीपाशी उभे राहिले आणि एकदम गहिवरले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "मी तिकडं होतो तेव्हा तू एकटी उभी होतीस. मना कधी हांगितलं नाय की पाय दुखतात. आता बसू नको गे. तू बसलीस तर मना या घरात उभं राहता येनार नाय." रोजबायनं पदर नीट केला आणि हात पुढं केला, टांग्यात चढवा म्हणून.

सुरूच्या झाडांपर्यंत टांगा, तिथून पुढं मी आणि टांगेवाला तिला खुर्चीसकट उचलून ओल्या वाळूवर न्यायचो. इनासभाऊ तिला उभी करायचे, हातात लोखंडी काठी द्यायचे. डाव्या मुठीत जोर नव्हता म्हणून ती मूठ उजवीखाली धरून वरून रुमाल बांधायचे. चेंडू नाही. नुसती काठी गुडघ्याइतकी मागं न्यायची आणि पुढं आणायची, घड्याळाचा लंबक हलतो तशी. मागं नेताना वजन उजव्यावर. पुढं आणताना, आधी टाच.

"टाच, रोज."

"पडंन मी."

"इथं बांध नाय. काय फुटनार नाय. सगळा दर्या तुझा वाफा. टाच घाल."

हिराबाय पहिल्या दिवशी लांबून बघत राहिली, दुसऱ्या दिवशी जवळ आली, तिसऱ्या दिवशी तिनं रोजबायची कंबर दोन्ही हातांनी धरली. "बाय, टाक वजन माज्यावर. मी हाय."

"तुज्यावर नाय!" इनासभाऊ खेकसले. "पायावर!"

"ए गोलफवाल्या, मी धरू नको तं तू पडलेली उचलनार काय?" हिराबायनं कंबर सोडली नाही. त्या दिवसापासून वलांड्यांचं काम सुनेवर टाकून ती रोज यायची. इनासभाऊंना ती सूचनाही द्यायला लागली, आणि त्यांना त्या ऐकून घ्याव्या लागायच्या.

मी शाळा सुटल्यावर ओहोटी असेल तेव्हा जायचो. प्रत्येक वेळी इनासभाऊ खाली वाकून वाळू बघायचे. उजवं पाऊल स्वच्छ उमटलेलं. डाव्याच्या जागी पाच बोटं आणि मागं ओढल्याची एक रेघ. आठवडे गेले, तीच पाच बोटं आणि तीच रेघ. ते म्हणायचे, "उद्या," आणि काठी पुसून पिशवीत ठेवायचे. मला मनातून वाटू लागलं होतं की हे काही व्हायचं नाही, आणि या माणसाला ते सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

नाताळ जवळ आला होता. किनाऱ्यावर गार वारं सुटलं होतं. रोजबाय त्या दिवशी आधीपासूनच चिडलेली होती, सकाळी कळ्या पुन्हा छोट्या आल्या होत्या. दहाबारा वेळा रिकामी काठी फिरवून झाल्यावर ती थांबली.

"किती दीस हवा झोडपू? ठेव तुझा अंडा."

इनासभाऊंनी काथ्याचा तुकडा टाकला, त्यावर चेंडू ठेवला आणि मागं सरकले. हिराबायला म्हणाले, "सोड." आश्चर्य म्हणजे हिराबायनं सोडलं. रोजबायनं त्या चेंडूकडं असं बघितलं, जणू तिच्या सगळ्या वर्षांचा राग त्या पांढऱ्या गोळ्यात साठलाय. याच्यापायी मोगऱ्यात पाणी घुसलं होतं, याच्यापायी नवरा घरी येऊनही अर्धा किनाऱ्यावरच राहिला होता. तिनं काठी मागं नेली आणि हाणली.

चेंडू काही फार गेला नाही. घरंगळत, उड्या मारत वलांडीच्या पहिल्या बांबूपर्यंत. पण फटक्याचा आवाज स्वच्छ आला, आणि हिराबाय सवयीनं ओरडली, "बोंबील! माझे बोंबील!" रोजबाय हसायला लागली. हसता हसता, काठी वाळूत टेकत, ती चेंडू आणायला निघाली. एक पाऊल, दोन पावलं, आणखी एक. मग तिच्या लक्षात आलं आणि ती जागीच थांबली. पडली मात्र नाही.

मी इनासभाऊंकडं बघितलं. ते तिच्याकडं बघतच नव्हते. वाळूवर गुडघे टेकून बसले होते. काथ्याच्या तुकड्याशेजारी डाव्या पावलाचा ठसा होता, आणि त्याला टाच होती. खड्ड्यात खालून पाणी झिरपत होतं. हिराबाय जवळ यायला लागली तसा त्यांनी हात आडवा धरला, तिचा पाय त्यावर पडू नये म्हणून. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. माझीही गत काही वेगळी नव्हती.

त्यानंतर जूनपर्यंत मी तिथं होतो. मग माझी बदली घाटावर झाली. निघायच्या सकाळी टांगा दारात उभा होता, ट्रंक चढवून झाली होती, आणि घरात कोणीच नव्हतं. मी मागच्या दारानं वाडीत गेलो.

पंप चालू होता, पाट भरून वाहत होता. रोजबाय काठी घेऊन बांधावरून मोगऱ्याकडं निघाली होती. ती आता डावी टाच आधी टेकवायची, अगदी दाबून, तिला दुसऱ्या तऱ्हेनं पाय टाकताच येत नव्हता. आणि दर पावलाला बांध ढासळत होता. एका ठिकाणी फुटला, पाणी वांग्यात गेलं. पुढं फुटला, पाणी पालकात. ज्या बाईनं जन्मात मातीवर ओरखडा उठू दिला नव्हता ती स्वतःची वाडी तुडवत, मागं वळूनही न बघता चालली होती. आणि तिच्या मागून चिखलानं माखलेले इनासभाऊ फावडं घेऊन एकेक बांध पुन्हा घालत येत होते.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी चिखलाच्या हातांनीच मला धरलं. टांगेवाला हाका मारत होता.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि मला हाताला धरून मघाशी रोजबाय गेली त्या बाजूला घेऊन गेले. तिथं बांधाला चांगलं मोठं खिंडार पडलं होतं आणि पाणी धो धो मोगऱ्यात चाललं होतं. "हे बुजवलं नाय अजून. मुद्दाम ठेवलंय. म्हटलं, मास्तरांना दाखवून मग बुजवू."